जावयाचा पहिला नंबर

आमच्या गावची बास्केटबॉल टीम हौसेखातर खेळत नव्हती. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठने ती नव्व्याण्णव साली उभी केली आणि तेव्हापासून मॅचचं मानधन, बूट, रायपूर-नागपूरचं भाडं सगळं तोच देत होता. पोरांची एक टीम, पोरींची एक. सुरुवातीला लोक हसले, धानाच्या बांध्यांत कोण बास्केटबॉल खेळतं म्हणून. मग आम्ही जिंकायला लागलो आणि हसणारेच ग्राउंडवर खुर्च्या टाकून बसायला लागले.

मी सांगते आहे ते दोन हजार दहा सालानंतरचं. जवळच्या बिरसी विमानतळावरची शिकाऊ विमानं तेव्हा दिवसभर डोक्यावर घरघरत असायची. शेठने ठरवलं, आजवरच्या सगळ्या खेळाडूंतून, पोरं-पोरी मिळून, सर्वांत भारी पाच निवडायचे आणि मंडईच्या दिवशी माइकवरून त्यांचे नंबर जाहीर करायचे. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाची तारीख वेगळी, आणि त्या दिवशी लेकी-जावई यायलाच पाहिजेत. एखादा जावई आला नाही तर गाव त्याचीच चर्चा चघळत बसतं.

निवड करणारे दोघं. टीम घडवणारे पीटीचे सर आणि टीम चालवणाऱ्या मंडळाचे सचिव म्हणजे आमचे बाबा. बैठक आमच्याच ओसरीवर होती. मी पोरींच्या टीममधली राखीव खेळाडू, चहा देण्याच्या निमित्ताने तिथेच ठाण मांडून बसले.

पहिलं कोण, हा प्रश्नच नव्हता. माझी ताई. आमचा एक डावखुरा पोरगा लांबून बास्केट टाकायचा, पण टीम मागे पडली की त्याचे हात कापायचे. रेल्वेत लागलेला उंच पोरगा बोर्डाखाली राजा होता, पण शिटी वाजली की पंचाशी भांडायचा. जुना कॅप्टन मेहनती, पण पळायला जड. ताई मात्र मॅच हातातून जायला लागली की शांत व्हायची. ती पास असा द्यायची, की समोरच्या पोरीला वाटायचं बॉल अजून हिच्याच हातात आहे. सरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, अशी खेळाडू मी दुसरी पाहिली नाही.

आणि त्या वर्षी ताईला तो मान हवाच होता. सरांचे गुडघे गेले होते, पोरींना शिकवायला शेठ ताईला घ्यायला तयार होता. ताईचं सासर आमगावला. आठवड्यातून तीन संध्याकाळी पॅसेंजरने गोंदियाला यायचं, तिथून ऑटोने गावात. लेकरू लहान. सासऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय हे जमणार नव्हतं. ताईने घाबरत विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, मंडईले येतो, मंग सांगतो.

बाबांचा जीव त्या एका वाक्यात अडकला होता. त्यांनी विषय काढला तो भाऊजींचा. भाऊजी लग्नाआधी दोन वर्षं आमच्याच टीमकडून खेळले होते. खेळाडू म्हणून बरे होते, माणूस म्हणून फार बरे. पण पाचात? पंधरात धरले असते तरी उपकार झाले असते. बाबांचं म्हणणं असं, की मंडईच्या दिवशी जावई गावाचा पाहुणा. त्याच्या बापासमोर, भोंग्यावरून, बायकोचं नाव त्याच्या वर कसं घ्यायचं? सासरे बिथरले तर पोरीला पाठवतील का? जावई पहिला ठेवू, ताई पाचवी. निदान पाचात तर आहे.

माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, नंबर खेळाचा लावून राहिले की पंगतीचा? बाबांनी मला गप्प बसवलं. "तिच्याचसाठी करून राहिलो ना मी हे," ते म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. सरांकडे पाहिलं तर त्यांनी मान खाली घातली. तुमच्या घरचा मामला आहे, एवढं बोलून ते उठले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

मंडईच्या दिवशी ताईचे सासरे पुढच्या खुर्चीवर बसले. कडक माणूस, पाहुण्याच्या घरीही कामापुरतंच बोलणारा. बाबांनी त्यांना टिळा लावला, शाल दिली. शिंगाडेवाल्यांची ओरड, पाळण्याची करकर, आणि त्यात भोंगा सुरू झाला. पाचव्या क्रमांकावर, गावची लेक. ताई एक क्षण जागची हलली नाही. मग उठली, चालत गेली, नारळ घेतला. ती बाबांकडे पाहत होती आणि बाबा तिच्या सासऱ्यांकडे. पहिला नंबर पुकारला तेव्हा भाऊजी लाजेने लालेलाल झाले होते. सगळा गाव टाळ्या वाजवत होता. ताईच्या सासऱ्यांचे हात मांडीवरच होते.

घरी पंगत बसली. ताई वाढत होती. सासऱ्यांनी ताटाला हात लावला नाही.

"हा नंबर कोनं लावला?"

बाबांनी हात जोडले. जावयाचा मान, मंडईचा रिवाज, असं काहीतरी पुटपुटले.

"जावयाचा मान ताटावर द्या, जी. ग्राउंडवर कायले? मी हिची मॅच पाहून हिले सून केली. आमच्या पोराले खेळता येत नाही, हे मले मालूम नाही काय?"

बाबांचा चेहरा एकदम उजळला. म्हणजे तिला शिकवायला पाठवता ना, त्यांनी घाईघाईने विचारलं.

"पाठवनार होतो. हेच सांगाले आलतो." ते थांबले. "आता नाही. जिच्या बापानंच तिले पाचवी केली, तिचं आयकतीन कोन्या पोरी? हसं करून घ्याले मी माही सून पाठवत नाही."

बाबा मागे लागले, पाया पडायला निघाले. सासऱ्यांनी त्यांना धरून बसवलं, पण शब्द बदलला नाही. मला वाटलं ताई रडेल, निदान आमच्यावर चिडेल. तिने वाटी खाली ठेवली आणि बाबांना म्हणाली, मामाजी बरोबर बोलले. मंडईतल्या रात्रीच्या नाटकाला न थांबता ते लोक संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. मी ताईची पिशवी स्टेशनपर्यंत नेली.

सकाळी टीममधल्या पोरी अंगणात आल्या, बॉल घेऊनच. ताई कधीपासून येणार, त्यांनी विचारलं. बाबा दात घासत होते. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि म्हणाले, "काय करता बाई, तिच्या सासरचे नाही म्हणून राहिले."

पोरींनी हळहळून माना डोलावल्या. सासर म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. गावात आजही तेच सांगतात, सासरच्यांनी पोरीचा खेळ बुडवला म्हणून.

मी दारातच उभी होते. "सासरचे नाही," मी पोरींना म्हटलं. "आम्ही."