माझा नकाशा आणि तात्यांची जीप

आमच्या घरात नकाशा वाचता येणारा पहिला माणूस मी, आणि त्याबद्दल मला अजून कुणी माफ केलेलं नाही.

ही दोन वर्षांपूर्वीची, एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी राहुरीजवळच्या आमच्या गावी आलो होतो. येताना भूगोलाच्या सरांच्या हातापाया पडून एक जाडजूड नकाशांचं पुस्तक आणलं होतं. ते ओट्यावर पसरून मी उगाचच पेन्सिल कानावर ठेवून बसलो होतो. शेजारी आई ज्वारी पाखडत होती.

“ह्ये निळं काय रे दत्तू?”

“समुद्र.”

“एवढा?” तिनं सूप खाली ठेवलं. “म्हंजी धरन बांधून झालं की पानी साठनार म्हनत्यात, तेवढा?”

“त्याहून मोठा. पलीकडचा काठच दिसत नाही.”

आईनं त्या निळ्यावर तळहात ठेवला. मग म्हणाली, “काठ दिसत न्हाई असं पानी एकदा बघावं म्हनते मी.”

आईनं आजवर कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागून उपयोगही नव्हता, कारण तिला घर सोडता येत नसे. आमची म्हैस फक्त आईच्या हाताला पान्हा घाली. दुसरं कुणी बसलं की बादलीला लाथ! पण त्या उन्हाळ्यात म्हैस आटली होती आणि व्यायला पंधरा दिवस होते. म्हणजे उभ्या जन्मात पहिल्यांदा आईला रजा मिळाली होती, आणि ती म्हशीनं मंजूर केली होती. एकदा म्हैस व्याली की पुन्हा समुद्राचं नाव निघणार नव्हतं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, “मी दाखवतो तुला समुद्र.”

तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पण समुद्र आईला बघायचा होता, बेत माझा होता आणि जीप तात्यांची होती.

तात्या म्हणजे आमच्या आबांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. मिलिटरीच्या लिलावातून त्यांनी ती जीप आणली होती. जीप चालवणार ते, तिच्यात कोण बसणार ते ठरवणार ते, आणि ती बंद पडली की ढकलणार आम्ही. मी तीन दिवस खपून एका फुलस्केप कागदावर बेत उतरवला. महाड, मंडणगड, केळशी, हर्णै, दापोली, गुहागर, रत्नागिरी. प्रत्येक गावात एक थांबा, समुद्र सतत उजव्या हाताला. कुठे किती वाजता चहा घ्यायचा हेसुद्धा मी लिहिलं होतं. (चहाच्या वेळा मी लाल शाईनं लिहिल्या होत्या. आता आठवलं तरी कानशिलं तापतात.)

तात्यांनी कागद आधी उलटा, मग सुलटा धरून वाचला. “पयला मुक्काम महाड?”

“हो.”

“आन् सुप्याची आक्का?”

सुप्याची आक्का म्हणजे तात्यांची आणि आबांची बहीण, माझी आत्या. मी म्हणालो, “सुपं वाटेत आहे, पण तिथे थांबायचं काही कारण नाही.”

“सख्ख्या भैनीच्या दारावरनं गाडी पुढं न्यायची? तिला कळल्यावर?”

“तिला कळेल कसं?”

“ह्या जीपचा आवाज सुप्यात कोन वळखत न्हाई ते सांग.”

मी कागदावर सुपं लिहून घेतलं. मग यादीत राहुरीचे व्याही आले, नगरचे मावसभाऊ आले, शिरूरला तात्यांचे कुणी जुने जोडीदार होते ते आले. माझ्या कागदावर पुण्यापुढची सात गावं होती. तात्यांनी पुण्याच्या अलीकडेच चार घातली. आणि आमच्याकडे पाहुण्याकडे थांबायचं म्हणजे नुसता चहा नसतो. चहा घेतला की जेवण, जेवलं की लवंडायचं, आणि उठलो की “आता ऊन उतरल्यावर जा.” ऊन उतरल्यावर पुन्हा चहा!

मी तापलो. “हा समुद्राचा प्रवास आहे, पाहुण्यांचा नाही.”

“बराबर हाय त्याचं,” आबा म्हणाले.

“भैनीला टाकून जायाचं?” तात्या.

“त्येबी बराबर हाय,” आबा म्हणाले.

आमच्या आबांचा हा स्वभाव. त्यांचा मला तात्यांपेक्षा जास्त राग आला. रागानं मी संध्याकाळी जेवलो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. आईनं दोन भाकरी झाकून ठेवल्या होत्या, त्या नंतर मी निमूटपणे खाल्ल्या.

शेवटी तह झाला. पुण्यापर्यंत तात्यांचं राज्य, पुण्यापुढे माझं. माझ्या राज्यात मी एकच कायदा केला, आणि तो रागाच्या भरात केला: वाटेत कुणाला रस्ता विचारायचा नाही. कारण तात्यांना दर दोन मैलांवर गाडी थांबवून कुणालाही रस्ता विचारायची सवय. मग त्याचं गाव कोणतं, औंदा ऊस कसा, मुलगी कुठे दिली, यात अर्धा तास. नकाशा असताना विचारायचं कशाला? मी कॉलेजात जातो ते कशासाठी? असं मी मोठ्यानं बोललो. तात्या म्हणाले, “बरं बाबा. न्हाई इचारत.”

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा नकाशा मागवला. समुद्रकाठानं बोट फिरवत म्हणाले, “ह्ये निळं निळं आडवं काय?”

“नद्या.”

“पूल हायेत का?”

मी नकाशा नीट पाहिला. पूल दाखवलेले नव्हते. मी म्हणालो, “एप्रिल महिन्यात नदीला पूल कशाला लागतो?”

आता सांगायला लाज वाटते, पण यावर घरातला एकही माणूस हसला नाही. उलट सगळ्या बेतात हा एकच मुद्दा असा निघाला की ज्यावर आमचं एकमत झालं. आमच्या गावच्या नदीत आठवड्याचा बाजार भरतो. कुस्त्या नदीत होतात, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या नदीत सुटतात. पाऊस सोडला तर नदी म्हणजे गावातली सगळ्यात रुंद कोरडी जागा. आबासुद्धा म्हणाले, “व्हय की. खाली उतरायचं न् वर चढायचं.”

निघालो. सुप्याच्या आक्कानं दोन जेवणं घातली, शिरूरला तात्यांच्या जोडीदारानं तिसरं घातलं. माझ्या कागदाप्रमाणे आम्ही महाडला असायला हवं होतं तेव्हा शिरूरच्या ओट्यावर पान लावून खात होतो. दुसऱ्या दिवशी पुणं ओलांडलं, माझं राज्य सुरू झालं, घाट उतरून महाडला मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी मंडणगडावरून समुद्राच्या दिशेला वळलो. तात्यांनी खरंच कुणाला काही विचारलं नाही. एका चहाच्या दुकानासमोर त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, पण मी नुसतं बघितलं आणि त्यांनी तो उचलला. मला फार बरं वाटलं.

दुपार कलल्यावर रस्ता एका गावात शिरला आणि नदीच्या काठाला संपला. (गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं आम्हाला विसरली असतील अशी आशा आहे.) नदी अगदी आमच्याकडच्यासारखी. रुंद पात्र, वाळू, थोडा चिखल, मधोमध घोट्याएवढी धार. पलीकडे पुन्हा रस्ता दिसत होता. मी कागदावर टिचकी मारली. “उतरा खाली.”

काठावर एक म्हातारा नाखवा उलट्या होडीला डांबर लावत होता. तो हात वर करून म्हणाला, “पावणं, गाडी खाली घालू नका. पानी चढंल आता.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. मी म्हणालो, “कुठून चढेल? पाऊस आहे का कुठे?”

म्हाताऱ्यानं ब्रश खाली ठेवला. बहुधा असा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नसावा.

तात्यांनी जीप खाली घातली. धार ओलांडली, आणि पलीकडच्या चिखलात जीप जी बसली ती म्हशीसारखी बसली. चाकं फिरत होती, चिखल आमच्या अंगावर येत होता. मी आणि आबा उतरून ढकलायला लागलो. आई मागच्या बाकावरून शांतपणे बघत होती. तीच आधी म्हणाली, “धार उलटी चाललीया.”

“पाणी उलटं चालत नसतं, आई.”

“मग बघ की.”

मी पाहिलं. मघाशी डावीकडून उजवीकडे जाणारी धार आता उजवीकडून डावीकडे येत होती, आणि ती घोट्यावरून पिंढरीपर्यंत आली होती.

आबा घाबरून म्हणाले, “पाट सोडला जनू कुनी! पाटकऱ्याला जाऊन सांगाय पायजे.”

आमच्याकडे कोरड्यात अचानक पाणी आलं तर ते कालव्याचं असतं आणि त्याचा दोष पाटकऱ्याचा असतो. आबा खरोखर पाटकऱ्याला शोधायला काठाकडे निघाले. मी चिडून ओरडलो, “इथे पाटकरी नाही!”

“मग पानी सोडलं कोनी?”

तात्या स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाले, “कालेजवाल्यानं.”

पाणी बाकापर्यंत आलं तेव्हा म्हाताऱ्यानं दुसरी होडी आणली. आईला त्यानं बॉनेटवरून उतरवून घेतलं, आम्ही तिघं होडीची कड धरून अलीकडच्या काठाला आलो. मग गावातून सुंभाचा जाड दोर आला. एक टोक जीपला आणि दुसरं माडाला बांधलं. पण तात्यांचा माडावर विश्वास बसेना. समुद्र गाडी ओढून नेईल म्हणून त्यांनी मला आणि आबांना दोर धरून बसवलं, आणि स्वतः आमच्या मागे धरून बसले.

त्या दोराला धरून आम्ही तिघं भांडलो. तसं भांडण आमच्या घरात पूर्वी झालं नव्हतं. तात्यांनी माझं कॉलेज काढलं, मी त्यांची सुप्याची जेवणं काढली. एक दिवस आधी पोचलो असतो तर पाणी वेगळ्या वेळी आलं असतं, असं मी म्हणालो. (हे शास्त्रीयदृष्ट्या थोडंसं खरं आहे.) आबा दोघांनाही “बराबर हाय” म्हणत होते. तात्या त्यांच्यावर उखडले, “तू एकदा कायतरी चूक हाय म्हन!”

या गोंधळात आई मध्ये दोनदा काहीतरी म्हणाली. आम्ही ऐकलं नाही. थोड्या वेळानं बघतो तर आई नाही.

आबांनी दोर सोडला. मीही सोडला. तात्यांनी सोडला नाही, पण तेही पांढरे पडले. पाण्याकडे बघायचं धाडस कुणाला होईना. इतक्यात मागच्या सुरूच्या झाडांतून म्हाताऱ्याची बायको आली आणि तिच्यामागून आई. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, कपाळाला वाळू, आणि ओच्यात शिंपले.

“कुठे गेली होतीस?”

“समुद्र बघाया. झाडीच्या पल्याड तर हाय. मी ह्यास्नी इचारलं, त्या म्हनल्या चला.” ती माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, “खरंच काठ न्हाई रे त्याला. मी लई येळ बघितलं. चल, तुबी बघ. दिस बुडायच्या आत जाऊन यू.”

पाच मिनिटांचा रस्ता होता. पण मी इतका चिडलेला होतो, आणि चिडण्याखाली इतका ओशाळलेला, की मान फिरवून म्हणालो, “मला नाही बघायचा.”

“मी बघू का?” आबा म्हणाले.

“तू दोर धर,” तात्या म्हणाले.

पहाटेच्या ओहोटीत बैलांच्या चार जोड्यांनी जीप बाहेर काढली. लाकडं भरलेला एक ट्रक महाडला निघाला होता. तो जीप मागे बांधून न्यायला तयार झाला, पण थांबायला तयार नव्हता. आणि म्हैस तर कुणासाठीच थांबणार नव्हती. आम्ही चढलो. ट्रक वळणावरून गेला तेव्हा झाडांमागून आवाज येत होता. आई म्हणाली, “त्योच,” आणि आम्ही तिघांनी त्या दिशेला माना वळवल्या. झाडं दिसली.

वाटेत लाकडांवर बसून आईनं आम्हाला समुद्र सांगितला. पाणी येताना कसं वाकतं, जाताना पायाखालची वाळू कशी ओढून नेतं, म्हातारीनं सांगितलेल्या भरतीच्या वेळा रोज कशा पुढे सरकतात, पुनवेला पाणी केवढं चढतं. तात्या तोंड फिरवून बसले होते, पण कान इकडे होते. म्हैस वेळेवर व्याली. जीप अजून पावसाळ्यात सुरू होत नाही.

यंदा सरांनी वर्गात भरती-ओहोटीवर स्वतःच्या निरीक्षणावरून टिपण लिहायला सांगितलं. मी सुटीत घरी गेलो, आई धार काढत होती तिथे वही घेऊन बसलो आणि ती सांगेल ते उतरवून घेतलं. दहापैकी आठ मार्क पडले. दोन कापले होते, आणि सरांनी कोणत्या वाक्याला कापले तेही लाल शाईनं दाखवलं होतं. त्या टिपणात मी स्वतःच्या डोक्यानं घातलेलं तेवढं एकच वाक्य होतं.