पंख उलटा लावलायस

चूक बापट सरांची, म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइडची. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी 'प्रत्येकाची एक बाजू असते' म्हणायला नको. बेंगळुरूच्या त्या लॅबमध्ये आम्ही फळमाशा पाळायचो. पिकल्या केळ्यावर घोंघावते ना, तीच. तिथले किस्सेही माशांसारखेच: बाटलीत दोन सोडा, पंधरा दिवसांत बाटली भरते.

*

आधी काम समजून घ्या. माशीच्या पंखावर प्रत्येक पेशीला एकच केस, आणि सगळे केस पंखाच्या टोकाकडे वळलेले. कुठे वळायचं हे पेशीला कोण सांगतं? शेजारीण. पेशींच्या कडांवरची प्रोटीन्स एकमेकींना निरोप देतात. एकीचं प्रोटीन बिघडलं की शेजारची धडधाकट पेशीसुद्धा तोंड फिरवते.

हे मी मंजुनाथ अण्णांना सांगितलं. अण्णा माशांचं खाणं शिजवायचे, शाळा सातवीपर्यंत. ते म्हणाले, मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर असंच असतं, एकानं मान वळवली की मागचे दहा वळवतात, बस आलेली असो नसो. सरी! म्हणजे कन्नडात 'बरोबर!'

सरांना एवढंच पटवायला मला दोन सेमिनार लागले.

*

सर परदेशातून आले ते माशांच्या खाण्याची रेसिपी घेऊन. गूळ बंद, तिकडचं सिरप सुरू. आठवड्यात अळ्या मरायला लागल्या. अण्णांनी कुणाला न सांगता पातेल्यात पुन्हा नेहमीचा, मंड्या गावचा गूळ घातला आणि डब्यावर सिरपचं लेबल तसंच ठेवलं. माशा फोफावल्या. सरांनी खूश होऊन ती रेसिपी ओळखीच्या लॅबना पाठवली. तिकडून तक्रारी आल्या, अळ्या जगत नाहीत.

"त्यांच्याकडे शिस्त नाही," सर म्हणाले.

*

तिसऱ्या वर्षी माझ्या हाती बिघडलेल्या माशांची एक नवी जात लागली. आधी माहीत असलेल्या जातीत बिघडलेल्या पेशींच्या शेजारणी बिघडायच्या त्या पंखाच्या टोकाकडच्या. माझ्या जातीत बुडाकडच्या. म्हणजे निरोपाची दुसरी बाजू मला सापडली होती! माझी अख्खी पीएचडी त्या माशांत होती.

सर मायक्रोस्कोपला डोळे लावून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "पंख उलटा लावलायस."

"सर, मायक्रोस्कोपचा दिवा लावलेला नाही."

"दिवा लावून उलट्याचं सुलट होणार आहे का?"

*

लॅबचा नियम होता, प्रत्येक जातीच्या बाटल्यांचा दुसरा संच सरांच्या केबिनमध्ये. खोलीत काही झालं तर तिथे उरावं म्हणून. मी माझ्या बाटल्या घेऊन गेलो तर म्हणाले, आधी सिद्ध कर. फळीवर जागा नव्हती म्हणावं तर तिथे त्यांचा बॅडमिंटनचा चषक उभा होता.

*

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, मायक्रोस्कोपला झेंडूच्या माळा, इन्क्युबेटरला कुंकू. नैवेद्याचे चुरमुरे आणि गूळ माशांच्याच खोलीत ठेवले, सरांच्या हुकमावरून. तासाभरात मुंग्या लागल्या. मी जेवायला गेलो होतो. सरांनी धोतर सावरत मुंग्या मारायचा स्प्रे काढला आणि खोलीभर मारला. तीस वर्षं माशा पाळणारा माणूस! बाटल्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे असतात. आत हवा जावी म्हणूनच असतात.

मी आलो तेव्हा प्रत्येक बाटलीच्या तळाशी माशा पाय वर करून पडल्या होत्या. अण्णा एकेक बाटली उजेडात धरून बघत होते. सर जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "एक तरी मुंगी दिसते का, सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. वर्षभराची मुदत वाढवून देतो, नवा विषय देतो, फक्त स्प्रे मी मारला असं लिहून द्यायचं. फाइलपुरतं. दारात अण्णा उभे होते. ते हळूच कन्नडात म्हणाले, लिहून टाक रे, पुढचं बघ.

मी लिहिलं: स्प्रे बापट सरांनी मारला. खाली सही केली, तारीख घातली.

लॅबमधली माझी पाच वर्षं गेली. पीएचडी मिळाली नाही.