पांढऱ्याखालचा लाल

आमच्या पेंटरवहिनींनी पांढऱ्या रंगात काहीतरी मिसळलं होतं, अशी कुजबुज त्या वर्षी गावभर होती. कुणी म्हणे विरोधी गटाने गुपचूप बाटली आणून दिली. औषधाच्या दुकानदाराने तर बाटली केवढी होती तेही सांगितलं आणि मी ती दोन बोटं वाढवून पुढे सांगितली. खोटं कशाला बोलू?

वहिनींचं दुकान म्हणजे नगरपालिकेच्या दारासमोरच्या ओळीतली तिसरी खोली. दहा बाय आठची. टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेले पत्रे, आणि एका खुर्चीत नवरा. बोर्ड आधी तोच रंगवायचा. त्याच्या हाताला कंप सुटला तेव्हा तो खडूने अक्षरं आखायचा आणि वहिनी आत रंग भरायच्या. पुढे आखणीही वाकडी यायला लागली, तशी दोरी आणि खडू दोन्ही वहिनींकडे आलं. नवऱ्याकडे दोन कामं उरली, रंग ढवळणं आणि चुका काढणं.

"वेलांटी आखूड झाली," तो म्हणायचा.

"आधी तुमची मिशी सरळ करा," म्हणत वहिनी पुढचा शब्द घ्यायच्या.

गावातली प्रत्येक पाटी त्यांच्या हातची. सगळा संसार त्या खोलीवर चाललेला. आणि एक दिवस नोटीस आली, की ही ओळ पाडायची असं सभेत ठरलंय. सभा तेव्हा बंद दाराआड व्हायची. वहिनींनी हात पुसले आणि एकेका नगरसेवकाचं घर गाठलं. पंधराच्या पंधरा जणांनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, "वहिनी, मी तर विरोधात होतो हो."

घरी येऊन त्या सासूबाईंना म्हणाल्या, "पंधरातले पंधरा विरोधात, आणि ठराव मंजूर."

"मग मतं दिली कुणी? खुर्च्यांनी?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनींनी नवी वही काढली. पहिल्या पानावर, पाटीला शोभेल अशा अक्षरात, एकच मागणी लिहिली. सभा उघड्या दाराने घ्या आणि कुणी काय मत दिलं ते नावानिशी बाहेर फळ्यावर लावा. पाच हजार सह्या झाल्या की असा अर्ज सभेपुढे घ्यावाच लागतो, हा नियम त्यांनी पालिकेच्याच एका जुन्या बोर्डावर कधीकाळी रंगवला होता. तो त्यांच्या लक्षात होता, पालिकेच्या नव्हता.

हजार सह्या झाल्या तेव्हा अध्यक्ष एका भाषणात म्हणाले, "रंगाच्या वासाने काही लोकांचं डोकं फिरतं." उपाध्यक्षांनी, ज्यांना सगळं गाव होयबा म्हणायचं, मान डोलावली. विरोधी गटनेते म्हणाले, मागणी चांगली आहे, पण वेळ चुकीची आहे. बरोबर वेळ कुठली, असं विचारल्यावर त्यांना नेमका फोन आला.

सह्या तीन हजारांवर गेल्या आणि अध्यक्षांनी पालिकेच्या दारावर मोठा बोर्ड लावायचं ठरवलं. आता गावात पेंटर एकच. होयबा कानकोंडे होऊन दुकानात आले.

"वहिनी, जरा लिहायचं होतं. 'मूठभरांच्या आरडाओरड्याला पालिका भीक घालणार नाही.' लाल हवंय. अगदी भडक."

"'मूठभर' मोठं काढू की लहान?"

"ते... साहेबांना विचारून सांगतो."

वहिनींनी जीव ओतून बोर्ड केला. इतका सुरेख, की चौकातून वाचता येई. आणि तो वाचूनच निम्म्या गावाला कळलं की कसल्यातरी सह्या चालू आहेत. आठ दिवसांत वहीत सहा हजार झाल्या.

सभेच्या दिवशी सकाळी होयबा धापा टाकत आले. "मजकूर बदलायचाय. 'जनतेचा आवाज तोच आमचा आवाज.' काळ्यात. दोन तासांत."

"आज नाही जमणार. परवा देते."

"परवा काय करू त्याचं? अहो, सभा आज दुपारी आहे."

"मग नवा पत्रा आणा."

"नवा कुठून आणू आता? पांढरं मारा आणि वर लिहा."

"मी सांगून ठेवते, नंतर मला बोलायचं नाही."

"कोण बोलतंय तुम्हाला?"

नवऱ्याने पांढऱ्याचा डबा ढवळला. त्या दिवशी त्याने एकही चूक काढली नाही.

दुपारी पालिकेच्या पायऱ्यांवर अध्यक्ष, मागे होयबा आणि समोर उन्हात सगळं गाव. "बंधूंनो, भगिनींनो," अध्यक्ष म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून या मागणीच्या बाजूने आहे." आणि त्यांच्या डोक्यावर, काळ्या अक्षरांच्या मधून, गुलाबी 'मूठभर' सावकाश वर येत होतं. मग 'आरडाओरड्याला' आलं. मग 'भीक'.

भाजीवाल्या मावशी पहिल्या रांगेत होत्या. "साहेब, आम्ही जनता की मूठभर? वर दोन्ही लिहिलंय, म्हणून विचारलं."

अध्यक्षांनी मान वर केली. होयबांनीही सवयीने वर केली.

हसण्याचा जो काही लोट उठला, त्यातच लोक आत शिरले. दार लावायची कुणाची छाती झाली नाही. मागणी मंजूर झाली, पंधरापैकी पंधरा हात वर. मग वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "आता दुकानांचा ठराव परत घ्या, सगळ्यांसमोर." कारकुनाने जुन्या ठरावाचा कागद काढला. सूचक निघाले अध्यक्ष आणि अनुमोदक विरोधी गटनेते. एरवी हे दोघे एकमेकांच्या चहालाही शिवत नसत. परत मतं घेतली. पाडायच्या बाजूने एकही हात उठला नाही.

दुसऱ्या दिवसापासून नगरसेवक एकेक करून दुकानात यायला लागले. ही कल्पना मुळात आपलीच, असा बोर्ड प्रत्येकाला हवा होता. "रांगेत या," वहिनी म्हणाल्या. आधी त्यांनी पालिकेच्या बाहेरचा फळा केला. पंधरा नावं, पुढे 'बाजूने' आणि 'विरोधात' असे दोन रकाने. नवरा काठी टेकत तो बघायला गेला आणि एकेक अक्षर तपासून म्हणाला, "वेलांट्या बऱ्या आल्यात." आजही त्या फळ्यापुढे आधी नगरसेवकच उभे राहतात.

राहता राहिली बाटली. वहिनींनी रंगात काहीही मिसळलं नव्हतं. लालावर सरळ पांढरा मारला की लाल वर येतो. तो अडवायला मधे रुपेरी रंगाचा एक हात द्यावा लागतो आणि तो वाळायला एक दिवस लागतो. होयबांनी दोन तास दिले होते.