न पेटलेली गंजी

आमची सोयाबीनची गंजी मी विझवली. ती पेटलेली नव्हती, एवढीच काय ती अडचण.

आमच्या टीव्हीवर दोनच गोष्टी चालतात. एक, शेतातला कॅमेरा, रानडुकरांवर नजर ठेवायला. दुसरी, कॉलेजात शिकणारी माझी नात सोनी हिचा गेम. दोन्हींत कधी गोंधळ झाला नाही, कारण तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेममधला माणूस कोणता आणि म्हैस कोणती तेच कळायचं नाही.

त्या दुपारी सोनी ओरडली, "आज्जे, बघ! कसं लख्ख दिसायलंय!"

"नवा कॉम्प्युटर आणला का गं?"

"न्हाई! ह्यो बारकंच चित्र काढतो. मग एआय त्याला मोठं करतो आन राहिलेलं अंदाजानं भरतो. कॉम्प्युटरला ताण न्हाई, गेम लय जोरात पळतो!"

(अंदाजाने आमचा म्हातारा आमटीत मीठ टाकतो. ती आमटी कुत्रंही खात नाही.)

मी भाकरी थापायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर सोनी अंगणात फोनवर आणि टीव्हीवर शेत. शेतात गंजी. गंजीला जाळ! ज्वाळा इतक्या स्वच्छ, की माझ्या तोंडाला झळ लागली. वर्षाचं पीक त्या गंजीत, उद्या मळणी, आणि राखणीला म्हातारा तिथेच!

"धावा रे! गंजी पेटली! आमचे हे बी तिथंच हायत!"

अर्धी गल्ली धावली. शेजारच्या गंगाधरने ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडला. मी या वयात मडगार्डवर! मागून सोनी "आज्जे, गेम हाय त्यो!" म्हणून बोंबलत होती म्हणे. ट्रॅक्टरच्या आवाजात कोण ऐकतंय?

शेतात पोचलो तर गंजीमागून खरोखर धूर! पहिली बादली मीच ओतली. गंगाधरने पाइप सोडला. तेवढ्यात पलीकडून म्हातारा निघाला, डोक्यापासून निथळत, हातात पातेलं.

"अगं, च्या करायलोय मी! झालं काय?"

"गंजी पेटलीय की!"

"कुठं?"

कुठं, ते कुणालाच दाखवता येईना.

मळणी राहिली बाजूला. चिंब गंजी उस्कटून उन्हात पसरावी लागली. ऊन कडक होतं म्हणून पीक वाचलं, नाहीतर जळण्याऐवजी कुजलं असतं. माझा मुलगा दत्ता घरी येऊन कडाडला, "पहिली बादली वतली कुनी?"

"एवढ्या गर्दीत कुनाला ठाव?" मी म्हणाले.

त्याने शेतातल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. त्यात लांबवर एक हिरवा ठिपका बादली उचलत होता. माझा जीव भांड्यात पडला.

"थांबा पप्पा," सोनी म्हणाली, "एआयनं साफ करते."

आणि ठिपक्याला नाक आलं, कुंकू आलं, माझं हिरवं लुगडं आलं! फक्त माझ्या बोळक्यात त्या एआयने अंदाजाने पांढरे शुभ्र दात बसवले होते. मी ताडकन उठले.

"बघा! हिला दात हायत. ही मी न्हाईच!"

म्हाताऱ्याने चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"तरी म्हणलं," तो म्हणाला, "एवढी देखणी बाई आपल्या गंजीवर कशाला पाणी वतायलीय!"