समुद्र नेमका कोणत्या महिन्यात?

आमच्या ह्यांना काही सांगायची सोय नाय. सांगितलं की माणूस कामाला लागतो, आन् हे कामाला लागले की काम होत नाय!

शेंद्र्याच्या कंपनीत हे डिस्पॅचला होते. कोणता ट्रक कुठल्या वाटेनं जाईल, शेवटी उतरायचा माल आधी कसा भरायचा, सगळं ह्यांच्या डोक्यात. रिटायर झाले आन् उस्मानपुऱ्यातल्या घरात ते डोकं नुस्तंच फिरायला लागलं. तवा गुढीपाडव्याला मीच तोंड उघडलं. म्हणलं, "अवो, मला एकदा समुद्र दाखवा." लग्नापासून दुसरं काय मागितलं नव्हतं. सुनेला दिवस गेलेले, दिवाळीला बाळंत होणार. म्हंजे मग मी पुण्याला, लेकरू चालायला लागेस्तोवर अडकलेली. तवर माझे गुडघे ऱ्हातात का जातात, कोणाला ठाव? जायचं तर दिवाळीच्या आत.

"नुस्ता समुद्र कशाला?" हे म्हणले. "वाटेतली जंगलं, घाट, पठारं, सगळं दाखवतो तुला."

झालं! तिथंच माशी शिंकली.

मोबाईलवर व्हिडिओ सुरू झाले. कासवाची पिल्लं समुद्राकडं पळतात, ती उन्हाळा लागताना. काजवे चमकतात ते मिरगाच्या तोंडावर. गौताळ्याचा धबधबा श्रावणात, कासची फुलं भादव्यात. ह्यांना सगळं एकाच फेरीत पाह्यजे. वाटबी ट्रकावानी शेवटाकडून आखायची. समुद्रापासून उलटं आखत आखत नगरपर्यंत पोचायचे, तवर फुलांचा महिना सरलेला! शेजारचे अनंतराव, कचेरीत जन्म गेलेला माणूस, ते एक दिवस चहा पिता पिता म्हणले, "पुंजारामजी, पावसाळ्यात बरीच अभयारण्यं बंद असतात. समुद्रात पण उतरू देत नाहीत." हे रात्रभर कूस बदलत होते. सकाळी मलाच विचारतात, "मग लोक जातात तरी कवा?"

जायचं नाय त्या दिवसांवर भिंतीवरच्या कॅलेंडरात फुल्या मारल्या. आन् त्याच कॅलेंडरावर माझे दुधाचे खाडे! गवळी बघून म्हणला, "मावशी, एवढे खाडे माझे नायत." कोणती फुली दुधाची आन् कोणती कासवाची, मलाबी सांगता येईना. एक ना धड, भाराभर चिंध्या. कासवं गेली, काजवे गेले, पितृपंधरवडा आला, घट बसले. मी मनात म्हणायची, चतुराबाई, तुझा समुद्र काय होत नाय आता.

दसऱ्याला आपटा वाटून झाला आन् मी पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसले. हे म्हणले, "अगं, अजून ठरलं कुठंय?" म्हणलं, "आज मुहूर्त बघायचा नसतो. शीव ओलांडायचा दिवस हाय, ओलांडा!" दारात अनंतराव हसत होते. हे बावचळल्यागत चाव्या शोधत होते, आन् चाव्या त्यांच्याच हातात.

लेकाकडं मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी ताम्हिणीचा घाट उतरलो. अभयारण्याची पाटी दिसली, जनावर म्हणून माकडं. हे दर वळणाला म्हणायचे, "आपण चुकीच्या महिन्यात आलो गं." दुपार कलताना श्रीवर्धनाच्या अलीकडं एका गावात पोचलो. सुरूच्या झाडांतून चालत बाहेर आलो.

पाणी नव्हतं.

ओली वाळू, चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या. पार लांब एक भुरकी रेघ. हे बघतच ऱ्हायले. मग बारीक आवाजात म्हणले, "चतुरा, हे आटलंय."

हसू नका. भरती-ओहोटी कानावरून गेलेली, पण तवा कोणाला आठवती? आमचं जायकवाडी धरण असंच आटतं, होड्या अशाच कलंडतात. हे वाळूवर मटकन बसले. "सगळं बघितलं गं, पाणी कवा सोडतात तेवढं नाय विचारलं." मला रडू आलं. ह्यांचा राग नव्हता, राग माझ्या नशिबाचा. आमच्याकडं पाणी गेलं की गेलं. पुढचा पावसाळा होईस्तोवर त्याचं तोंड दिसत नाय, आन् माझा पुढचा पावसाळा लेकराच्या दुपट्यांत जाणार.

शिंपल्या वेचणारी एक बाई आमच्याकडं बघत होती. "काय झाला वो?"

"पाणी गेलं," मी म्हणलं.

"ओहोटी हाय. बसा, येल परत."

"परत येतं?" ह्यांनी विचारलं. "कवा?"

"रोजच येतो," ती म्हणली आन् गेली.

"रोज!" हे माझ्याकडं बघून म्हणले. लेक झाल्याचं सांगितलं होतं, तवा असंच तोंड झालतं ह्यांचं.

बसलो. रेघ जवळ आली, जाड झाली, तिचा आवाज यायला लागला. होड्या हलल्या. पाणी पायाशी आलं तसे हे चपला उचलून मागं पळाले. "सर मागं, भिजशील!"

म्हणलं, "नाय सरत. जन्मभर मी पाण्याकडं गेले, डोक्यावर हंडा घेऊन. आज ते माझ्याकडं चालत आलंय."

हे पँटीसकट शेजारी येऊन पाण्यात बसले. थोड्या वेळानं हळूच म्हणले, "उद्या कवा येतं, विचारून ठेवू का?"

"नका विचारू," म्हणलं. "बसून ऱ्हाऊ."