शुभदाकाकूंचा सूर्यदर्शनाचा नेम

कुवेतमधल्या फहाहील गावात एकट्या राहणाऱ्या कितीतरी मराठी मुलांनी शुभदाकाकूंच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या आहेत. वीस वर्षं त्यांनी डबे दिले. आता गुडघे दुखतात म्हणून थांबल्या. मुलगा उल्हास आणि कॉलेजात जाणारी नात स्पृहा यांच्यासोबत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात.

चातुर्मासात त्यांचा एकच नेम. सूर्य दिसल्याशिवाय जेवायचं नाही. चिपळूणला असताना या नेमापायी त्यांना उपास घडायचे. इथे मात्र आम्ही चेष्टा करायचो, "काकू, कुवेतमध्ये हा नेम म्हणजे फुकटचं पुण्य!" त्या हसायच्या. "देव काय डोळे मिटून बसलाय का, फुकट द्यायला?"

यंदा आषाढात तोझ आला. इथे धुळीच्या वादळाला तोझ म्हणतात. एरवी तो दुपारपर्यंत निवळतो, पण हा बसूनच राहिला. भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लागले. हवेला मातीचा वास, दातांत कचकच आणि समोरचा समुद्र पुसून टाकल्यासारखा नाहीसा झालेला. वाराही नव्हता. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उल्हासने मला बोलावून घेतलं. काकूंना साखरेचा आजार, आणि आदल्या सकाळपासून पोटात अन्न नाही. कपाळावर घाम आला होता, हात थरथरत होते.

"आई, सूर्य आहेच गं, धुळीच्या मागे."

"आहे ते मलाही माहीत आहे. दिसायला नको? तू ऑफिसात आहेस म्हणून हजेरीचा अंगठा आपोआप लागतो का? लावावा लागतो ना?"

"साखर उतरलीय तुझी! आता पडशील."

"पडले तर उचल."

मी मनात देवाचं नाव घेत होते. तेवढ्यात स्पृहा म्हणाली, "आजी, लिसन. इसवी सन पाचशे छत्तीसमध्ये असंच झालं होतं. दीड वर्षं. तेवढं थांबणार आहेस?"

"कुठे झालं?"

"रोमकडे, खूप ठिकाणी. सूर्य चंद्रासारखा दिसायचा. उजेड होता, तेज नव्हतं. आयर्लंडमध्ये धान्य पिकलं नाही. चीनमध्ये बर्फासारखी पिवळी धूळ पडली. एखादा व्होल्कॅनो फुटला असावा म्हणतात."

काकू सावरून बसल्या. "आणि माणसं काय करत होती?"

"लढत होती. त्याच वर्षी एका फौजेनं रोम घेतलं."

"लढत होती म्हणजे जेवत होती." काकूंनी पदर सावरला. "मग बिनतेजाचा सूर्यही चालत असणार. चल गं, मला गॅलरीत धर."

मी त्यांना धरून उभं केलं. बाहेर नुसता पिवळा अंधार. आणि मग समोर, समुद्र असायला हवा तिथे थोडं वर, एक पांढरी तबकडी दिसली. कडा स्वच्छ, किरण एकही नाही. टक लावून बघितलं तरी डोळे दिपत नव्हते.

"तो बघ," काकू म्हणाल्या. तांब्यातून अर्घ्य दिलं, हात जोडले आणि तिथेच खुर्चीवर बसल्या. स्पृहाने साखरपाणी दिलं. मग मी वरणभात कालवला. चार घास गेल्यावर हातांची थरथर थांबली. उल्हासने तोंड फिरवून डोळे पुसले.

तेवढ्यात खालच्या मशिदीत अस्रची, दुपार कलल्यावरची अजान झाली, आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आमच्याकडे समुद्र पूर्वेला आहे. या वेळी सूर्य पश्चिमेला, इमारतीच्या मागे, रस्त्याच्या बाजूला असायला हवा.

मी उल्हासकडे पाहिलं. त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

काकूंनी आणखी भात मागितला. मी वाढला. वाढताना समोर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. तबकडी तिथेच होती, मघापेक्षा थोडी वर चढलेली.