मामाचा कंप्युटर आणि सासऱ्यांचा गणपती

माझ्या नातेवाइकांच्या मते सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे फुकटात मिळणारा वायरमन. रोह्याला सासुरवाडीत गेलो की चहाआधी बंद पडलेला रिमोट हातात येतो (सेल संपलेले असतात), आणि पेणला मामाकडे गेलो की कंप्युटर.

मामाचा गणपतींचा कारखाना. गिऱ्हाइकांना मूर्तींचे फोटो दाखवायला त्याने एक जुना कंप्युटर तिथेच, शाडूच्या पोत्यांशेजारी मांडलाय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी सासऱ्यांची मूर्ती न्यायला पोचलो. सासरे रोह्याहून टेम्पो घेऊन निघालेच होते.

"बरा आलास मन्या," मामा म्हणाला. "हा बघ, गिरणीसारखा आवाज करतो नि मधेच बंद पडतो."

मी खोका उघडला. आत एवढी धूळ, की पाणी घातलं असतं तर एक छोटा गणपती सहज वळता आला असता.

"ब्रशनं झाड."

"ब्रशनं नाय होत, मामा. याला हवेचा झोत लागतो." (इतक्या वर्षांचा अनुभव बोलत होता. तो सगळा खुर्चीत बसून घेतलेला, ही गोष्ट वेगळी.)

मूर्ती रंगवायचा कॉम्प्रेसर समोरच होता. गनमध्ये रंग नाही याची खात्री करून घेतली, इतका काही मी बावळट नाही, आणि खटका दाबला.

कारखाना दिसेनासा झाला.

ढग खाली बसला तेव्हा मामी दारात उभी होती. "अगो बाय," एवढंच म्हणाली. ती माझ्या पाठीमागे बघत होती. तिथे सासऱ्यांचा गणपती. सकाळीच वॉर्निशचा शेवटचा हात मारलेला, पावसाळी हवेत अजून ओला. सोंडेपासून उंदरापर्यंत धूळ पांघरून बसलेला!

मी रुमाल काढला.

"हात लावू नको," मामा म्हणाला. "बोटं उमटतील. आधी तुझी मूर्तीवर, मग सासऱ्याची तुझ्यावर."

"परत वॉर्निश मारू?"

"वाळायला उद्याची संध्याकाळ होईल. बसवायचाय सकाळी."

"मग दुसरी मूर्ती दे."

"सगळ्या लोकांच्या हायत रे. तुझ्यासाठी कोणाचा देव पळवू?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

सासरे आत आले. मूर्तीसमोर थांबले. चष्मा काढला, पुसला (हवेत धूळ होतीच), परत लावला.

"यंदा चकाकत नाय."

मामा खाकरला. "नवीन फिनिश हाय. तुमच्या जावयानंच केलंय."

भाच्याला इतक्या सहजपणे विकणारा मामा मी पहिल्यांदाच बघत होतो.

"वाटलंच मला," सासरे म्हणाले. मी दाराचं अंतर मोजलं. "आमच्या लहानपणी अशीच असायची मूर्ती. शांत. आताच्या चकाकीनं डोळे दुखतात. जावईबापू, कंप्युटरवाले असून हातात कला हाय हो तुमच्या!"

आरतीला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी मूर्ती जवळून दाखवली. पुढच्या वर्षी अख्खी आळी मामाकडे 'जावयाचं फिनिश' मागायला आली.

कंप्युटर मात्र त्या दिवसापासून सुरू झालेला नाही. "नवीन घे," म्हटलं तर मामा म्हणतो, "ऱ्हाऊ दे. धूळ त्याच्यात बारीक जमते." आता त्याचं झाकण वर्षभर उघडं असतं, आणि चतुर्थीच्या तोंडावर मी रजा टाकून गन धरायला पेणला जातो. फुकटच. मी दुरुस्त केलेल्या यंत्रांपैकी आजवर बिनतक्रार काम देणारं हे एकच, आणि ते बंद आहे.